श्वास कुठे अडतो

"श्वास सोडा," ताई म्हणाल्या.

"घेतेय की," मी म्हटलं.

"घेताय हो. सोडत नाही आहात. उभ्या राहिल्यापासून धरून ठेवलाय तो."

जून 2022 मधली ती सकाळ, ताईंच्या योगवर्गाची. पुण्यात धनकवडीतल्या एका जुन्या इमारतीचा पहिला मजला, खाली शहाबादी फरशी, भिंतीला बांधलेले दोर, कोपऱ्यात रचून ठेवलेल्या लाकडी विटा आणि घडीच्या लोखंडी खुर्च्या. सव्वासहा वाजले होते. आम्ही बाराजणी नुसत्या उभ्या होतो. या उभं राहण्याला ताडासन म्हणतात एवढं मला ठाऊक होतं. पण साधं उभं राहतानाही मी श्वास धरून ठेवते, हे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत मला कुणी सांगितलं नव्हतं आणि माझ्याही कधी ध्यानात आलं नव्हतं.

मी एका नागरी पतसंस्थेत कॅशियर आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत एका संध्याकाळी कॅश बंद करताना वीस हजार कमी भरले. पाचशेच्या चाळीस नोटा. आमच्या कामात कधीतरी शंभर-दोनशे इकडे तिकडे होतात, ते खिशातून भरून माणूस घरी जातो. वीस हजार मात्र पहिल्यांदाच. मी रात्री साडेनऊपर्यंत सगळी बंडलं उलगडून मोजली, प्रत्येक स्लिप वहीशी ताडून पाहिली, पिग्मी एजंटांना फोन केले, कचऱ्याची टोपलीसुद्धा जमिनीवर उपडी केली. पैसे सापडले नाहीत, पुढेही कधी सापडले नाहीत. ते मी भरले. पैशांचं दुःख महिनाभर राहिलं. पण बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा वरिष्ठांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं, त्या दाराचा आवाज काही केल्या कानातून जाईना.

तेव्हापासून रात्री तीनला जाग यायला लागली. उठून गॅसचं बटण बघायचं, दाराची कडी बघायची, अंथरुणावर पडून त्या दिवशीचे ग्राहक एकेक करून आठवायचे. मान आखडली, उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, 150 वर 96. मानेच्या एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज दिसत होती. त्यांनी गोळी सुरू केली आणि फिजिओथेरपी सांगितली. ती करणाऱ्या मुलीने एकदा माझ्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवली आणि म्हणाली, "काकू, तुम्ही श्वास मानेने घेता. छाती वर उचलायला हे स्नायू दिवसभर राबतात, त्यांना विश्रांतीच नाही." मी ते ऐकलं आणि विसरले.

योगवर्गाला जाण्याआधी मी एक चूक केली होती. ती सांगते, कारण माझ्यासारख्या बऱ्याच जणी ती करत असाव्यात. लेकीने फोनवर ध्यानाचं एक ॲप घालून दिलं होतं. रोज रात्री दहा मिनिटं डोळे मिटून बसा, विचार येऊ द्या, जाऊ द्या. मी बसायचे. तिसऱ्या मिनिटाला छातीत धडधड सुरू व्हायची. पाचव्या मिनिटाला ते बंद दार समोर यायचं. दहा मिनिटांनी उठायचे तेव्हा तळहात ओले असायचे. आठवडाभर केलं आणि ध्यान आपल्या नशिबात नाही अशी स्वतःची समजूत घालून सोडून दिलं. ज्या माणसाचं शरीर सावध होऊन बसलंय, त्याचे डोळे एकदम मिटले तर त्याच्या वाट्याला आतली धावपळच येते, हे मला ताईंनी पुढे समजावून सांगितलं. त्यांनी मला जवळजवळ वर्षभर ध्यानाला बसू दिलं नाही. आधी पाय, म्हणाल्या.

ताई सत्तरीच्या. नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. ऐंशीच्या दशकापासून शिवाजीनगरच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या योगसंस्थेत शिकलेल्या. आवाज शाळेतलाच, पण ओरडणं नाही. वर्गाची सुरुवात पतंजलींच्या श्लोकाने होते. योगेन चित्तस्य, पदेन वाचां, मलं शरीरस्य च वैद्यकेन. योगाने चित्ताचा मळ, व्याकरणाने वाणीचा आणि वैद्यकाने शरीराचा मळ ज्याने घालवला त्याला नमस्कार. पहिले काही दिवस मी तो नुसता ओठ हलवून म्हणत होते.

पायांवर आम्ही पहिले दोन आठवडे घालवले. दोन्ही पायांचे अंगठे आणि टाचा जुळवून उभं राहायचं. मग एकेक करून विचारायचं: वजन कुठे आहे? माझं सगळं वजन चवड्यांवर होतं, आणि उजव्या पायावर डाव्यापेक्षा जास्त. कुणी हाक मारली तर लगेच धावता यावं अशी मी उभी होते. ताईंनी टाचांवर थोडं मागे जायला सांगितलं. तेवढ्याने मला मागे पडेनशी भीती वाटली. "पडणार नाही. टाच भरीव आहे, तिला तिचं काम करू द्या," त्या म्हणाल्या. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ, टाचेची आतली आणि बाहेरची कड, या चार जागांवर वजन वाटून घ्यायचं. त्यात करंगळीचं मूळ जमिनीला टेकतच नव्हतं. इतकी वर्षं त्या पायावर मी उभी होते आणि करंगळी रिकामीच होती. ती टेकवल्याबरोबर पोटरीचा आतला भाग जागा झाला, गुडघ्याची वाटी वर गेली आणि पाठोपाठ एक लांब निःश्वास आपोआप बाहेर पडला.

मला वाटतं, माझ्या बाबतीत जे काही झालं त्याची सुरुवात त्या करंगळीपासून झाली. मन एकाग्र करा असं मला कुणी म्हटलं असतं तर मन कुठे आहे ते शोधण्यातच मी दमले असते. करंगळीचं मूळ मात्र हात लावून दाखवता येतं. तिथे लक्ष पोचलं की नाही, हे लगेच कळतं.

मग त्रिकोणासन, वीरभद्रासन, पार्श्वकोणासन. हात जमिनीला टेकत नसेल तर घोट्यामागे वीट. पाठ वाकत असेल तर भिंतीला टेकून. सुरुवातीला मला विटांचा संकोच वाटायचा, शेजारच्या बाई वीट न घेता करायच्या. ताईंनी एकदा माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "वीट काढली तर काय थांबतं?" मी काढून पाहिलं. हात जमिनीला लागला, पण श्वास घशात अडकला. पुन्हा वीट ठेवली आणि श्वास परत आला. यापुढे हीच मोजपट्टी, त्या म्हणाल्या. जिथे श्वास अडतो तिथे आसन संपलं, त्याच्या पुढे गेलात तर ती नुसती ओढाताण.

हे पटायला मला एक दुखणं सोसावं लागलं. त्या वर्षी हिवाळ्यात मी एका शनिवार-रविवारच्या शिबिराला गेले होते. तिथे पश्चिमोत्तानासन, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकणं, करताना शिकवणाऱ्याने मागून येऊन माझ्या पाठीवर भार दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, अजून जातंय, भीती काढून टाका. बैठकीच्या हाडाजवळ काहीतरी ताणल्याची कळ गेली. पुढचे सहा आठवडे काउंटरच्या खुर्चीवर मी एका कुशीवर कलून बसत होते. माझं वाचकांना कळकळीचं सांगणं आहे, कुणालाही आपल्या पाठीवर असा भार देऊ देऊ नका. "थांबा" म्हणायचा अधिकार आपला आहे, समोरचा कितीही मोठा जाणकार असो. मी त्या दिवशी बोलले नाही, कारण माझा श्वास तेव्हा कोंडलेला होता, आणि कोंडलेल्या श्वासाने बोलता येत नाही.

शवासन हा माझा सगळ्यात अवघड प्रकार. वर्गातल्या इतर जणी त्याची वाट बघायच्या, काहींचा हलका घोरण्याचा आवाज यायचा. मी मात्र आडवी झाले की छतावरच्या पंख्याची पाती मोजायला लागायचे. डोळे मिटले की तीन वाजताची जाग परत यायची. ताईंनी आधी मला डोळे उघडे ठेवायला परवानगी दिली. मग पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर, मांड्यांवर घडी केलेलं घोंगडं आणि त्यावर वाळूची छोटी पिशवी. तो भार मांड्यांवर आल्यावर पाठ जमिनीला टेकली. अख्खी टेकली. तोवर कंबरेखालून हात सहज सरकवता येईल एवढी पोकळी राहत असे.

एकदा त्यांनी कपाळाला आणि डोळ्यांवर सुती क्रेप बँडेजचे सैल वेढे दिले. या पद्धतीत ते करतात, डोळ्यांची आणि कपाळाची हालचाल त्याने शांत होते. मला ते अर्धं मिनिटही सोसलं नाही. मी उठून बसले आणि ओरबाडून काढलं. मला फार लाज वाटली. ताईंनी बँडेज गुंडाळून खिशात ठेवलं. म्हणाल्या, "आज नाही. बस्स." दोन वर्षांनी मी स्वतःहून ते मागितलं.

आता काउंटरची गोष्ट, कारण योगासनांचा खरा वर्ग माझ्यासाठी तिथे भरला.

ऑगस्ट 2022 मध्ये एका सोमवारी, दुपारी बाराच्या सुमारास, समोर मोठी रांग होती. मशीन बिघडलं होतं, म्हणून हाताने मोजत होते. डाव्या हाताच्या बोटांत गड्डी धरून उजव्या अंगठ्याने एकेक नोट सरकवायची, मधूनमधून अंगठा ओल्या स्पंजवर टेकवायचा. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट. आणि अचानक मला ताईंचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं. मी पाहिलं. श्वास नव्हता. पोट आत ओढलेलं, दातांवर दात, जीभ टाळूला चिकटलेली, उजवा खांदा कानाकडे. गड्डी संपेपर्यंत, म्हणजे शंभर नोटा होईपर्यंत, मी श्वास घेतलाच नाही. नोटांना रबर लावलं आणि मग "हं" करून एकदम श्वास आला. पुढची गड्डी उचलली, पुन्हा तेच.

मी त्या दिवशी हिशेब केला. दिवसाला साधारण दीडशे-दोनशे वेळा मी असा श्वास कोंडत होते. बावीस वर्षं. फिजिओथेरपीवाल्या मुलीचे शब्द मला तेव्हा आठवले. मानेचं दुखणं माझ्या उशीत नव्हतं, माझ्या मोजण्यात होतं.

घरी आल्यावर मग सगळीकडे तेच दिसायला लागलं. आईच्या तपासणीचे रिपोर्ट मोबाईलवर उघडताना श्वास बंद. फोनवर वरिष्ठांचं नाव दिसलं की बंद. भाकरी तव्यावर टाकताना, सुईत दोरा ओवताना. लेक काही सांगायला लागली की तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत माझं उत्तर तयार असायचं, आणि ते तयार होईपर्यंत श्वास छातीत टांगलेला असायचा. ती अनेकदा म्हणायची, "आई, तू ऐकत नाहीस." मला ते कायम अन्यायाचं वाटायचं, कारण शब्द न शब्द मला ऐकू येत होता.

ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी खूश होऊन शाबासकी वगैरे दिली नाही. "लगेच सुधारायला जाऊ नका," म्हणाल्या. "एक महिना फक्त बघा. कुठे अडतो, केव्हा अडतो." तो महिना फार शिकवून गेला. मी वहीत लिहीत होते, जसं कॅश रजिस्टरमध्ये लिहावं तसं. सोमवारी नोंदी जास्त, गुरुवारी कमी. नवऱ्याशी बोलताना कमी, सासरकडच्या फोनला जास्त. आणि गंमत म्हणजे, मोजताना श्वास अडकल्याचं लक्षात यायला लागलं तसा तो आपोआप सुटायलाही लागला. मोजणी चुकली नाही. मला भीती होती की श्वास सोडला तर आकडा हातून निसटेल. तसं एकदाही झालं नाही.

पतंजलींच्या योगसूत्रांशी माझी ओळख याच काळात झाली. शनिवारी वर्ग संपल्यावर ताई पंधरा मिनिटं एखादं सूत्र सांगायच्या. पहिल्या पादातलं, म्हणजे पहिल्या भागातलं, एकतिसावं सूत्र आहे: दुःख, दौर्मनस्य, अंगमेजयत्व, श्वासप्रश्वास हे विक्षेपांचे सोबती. चित्त विचलित झालं की ते एकटं येत नाही. दुःख येतं, मन खट्टू होतं, अंग कापतं आणि श्वासाची लय बिघडते. वृक्षासनात थरथरणारी माझी मांडी आणि काउंटरवर कोंडलेला श्वास या दोघांना कुणीतरी इतक्या जुन्या काळी एका ओळीत शेजारी बसवलं होतं. आणि तीनच सूत्रं पुढे, चौतिसाव्यात, उपाय सांगताना पहिला शब्द येतो तो प्रच्छर्दन. म्हणजे श्वास बाहेर सोडणं. धरणं नंतर. ताईंनी आम्हाला मनगटावरची नाडी धरायला लावली आणि सावकाश श्वास घ्यायला, सोडायला सांगितलं. घेताना ठोके किंचित भरभर, सोडताना किंचित हळू. ज्याला शंका असेल त्याने आत्ता मनगटावर बोटं ठेवून बघावं. हे शरीरातच असतं, शिकावं लागत नाही.

प्राणायाम मात्र एप्रिल 2023 पर्यंत मिळाला नाही. आमच्या वर्गात महिन्याचा शेवटचा आठवडा प्राणायामाचा आणि विश्रांतीच्या आसनांचा असतो, पण नव्या बायकांना तेव्हा सेतुबंध आणि विपरीत करणीच दिली जाते. मलाही तेच. मी नाराज होते. बाहेर सगळीकडे पहिल्याच दिवशी कपालभाती शिकवतात आणि इथे दहा महिने थांबा. आज मला ते योग्य वाटतं. ज्याला आपण श्वास कुठे धरतो हेच माहीत नाही, त्याच्या हातात श्वासाचा व्यायाम दिला तर तो आणखी जोराने धरेल. मी नक्की धरला असता.

पहिला उज्जायी, म्हणजे घशातून हलका आवाज येऊ देत केलेला सावकाश श्वास, आडवं पडूनच केला. पाठीच्या कण्याखाली लांबट घडीचं घोंगडं, डोक्याखाली दुसरं. फक्त श्वास सोडण्याकडे बघायचं, लांबवायचा नाही, मोजायचा नाही. मोजायचं नाही हे माझ्यासाठी सगळ्यात कठीण. माझं डोकं लगेच आकडे लावायचं, सोडताना सहा, आज सात, उद्या आठ. आठ आकडा आल्या दिवशी डोकं जड झालं आणि दिवसभर चिडचिड झाली. ताईंना आवाजावरूनच कळायचं. "घासतोय," त्या म्हणायच्या. घशातला तो आवाज रेशमासारखा हवा, माझा सुपातल्या धान्यासारखा यायचा.

मग एके दिवशी विलोम. यात श्वास मुद्दाम थांबत थांबत सोडायचा. थोडा सोडा, दोन क्षण थांबा, आणखी थोडा सोडा, थांबा. मला वाटलं, ज्याची सवय मोडायला वर्ष घातलं तेच आता करायला सांगतायत. पण करून पाहिल्यावर उमगलं. काउंटरवरच्या थांबण्यात सगळं अंग आवळलेलं असे. विलोमातल्या थांब्यात जबडा सैल, डोळ्यांची बुबुळं खाली स्थिरावलेली, पोट मऊ, आणि तरी श्वास जागच्या जागी उभा, जिन्यावर एका पायरीवर क्षणभर उभं राहावं तसा. चौथ्या की पाचव्या वेळी त्या दोन क्षणांत मला काहीच ऐकू आलं नाही. रस्त्यावरचा हॉर्न नाही, आतली बडबड नाही. मी झोपलेही नव्हते. खोलीत असलेल्या प्रत्येक वस्तूचं भान होतं. मग श्वास पुढची पायरी उतरला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, पण फार नव्हता. त्यानंतर असं पुन्हा व्हावं म्हणून मी कित्येक आठवडे धडपडले आणि झालं नाही. धडपड सुटल्यावर कधीकधी होतं.

जून 2023 मध्ये ताई आम्हाला शिवाजीनगरच्या संस्थेत घेऊन गेल्या. मी पुण्यात जन्मले, मॉडेल कॉलनीवरून शेकडो वेळा गेले असेन, पण त्या गल्लीत कधी वळले नव्हते. अय्यंगार गुरुजी मूळ कर्नाटकातल्या बेल्लूरचे. जन्म 1918 च्या डिसेंबरातला, लहानपण मलेरिया, विषमज्वर आणि क्षयाने पोखरलेलं. 1937 मध्ये अठरा वर्षांचा हा मुलगा सहा महिन्यांसाठी डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आला आणि 2014 मध्ये गेला तोही पुण्यातच. पत्नी रमामणी यांच्या नावाने 1975 मध्ये उभी राहिलेली ती वास्तू बाहेरून साधी वाटते, आत गेल्यावर तो मोठा दालनभर प्रकाश आणि भिंतींवरची आसनांची छायाचित्रं. मला तिथे सगळ्यात जास्त भावली ती कोपऱ्यातली झिजलेली लाकडी सामग्री. किती आजारी पाठींनी तिच्यावर भार टाकला असेल! खुर्ची, पट्टा, वीट, लोड या घरात असणाऱ्या वस्तूंना त्यांनी आजारी माणसाच्या कामाला लावलं, म्हणून माझ्यासारखी मानेचं दुखणं असलेली बाई शीर्षासन न करताही योग शिकू शकली. माझ्या मानेमुळे मी शीर्षासन केलेलं नाही, करणारही नाही.

आपल्या महाराष्ट्रातच हे सगळं किती जवळ घडलं, याचं मला परत येताना फार वाटलं. योगेंद्रजींनी 1918 मध्ये मुंबईत वर्सोव्याला संस्था काढली, कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम. दोघेही नर्मदाकाठच्या मालसरच्या माधवदासजींचे शिष्य. कुवलयानंदांनी तर क्ष-किरणांखाली योगक्रिया तपासून पाहिल्या. लोणावळ्याला आम्ही चिक्की आणायला जात होतो.

आई आमच्याकडेच असते. ब्याऐंशी वर्षांची. तिचं ज्ञानेश्वरीचं वाचन रोजचं. एकदा रात्री मी तीनला उठून स्वयंपाकघरात पाणी पीत होते, तीही जागी होती. तिने मला शेजारी बसवलं आणि सहाव्या अध्यायातल्या ओव्या म्हटल्या, पुस्तक न उघडता. आहार तरी सेविजे, परी युक्तीचेनि मापें मविजे. आणि पुढे, मितला बोली बोलिजे, मितलिया पाउलीं चालिजे, निद्रेही मानु दीजे, अवसरें एकें. "झोपेलासुद्धा मान द्यावा म्हणतात माउली," आई म्हणाली, "तू तिच्याशी भांडतेस." मापून देणं-घेणं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे मापें मविजे हे शब्द मला कुणीतरी माझ्याच भाषेत सांगितल्यासारखे वाटले. त्या रात्रीपासून जाग आली तर घड्याळ बघायचं मी सोडलं. कुशीवर वळायचं, श्वास सोडायचा, करंगळीपर्यंत लक्ष न्यायचं. झोप आली तर आली. नाही आली तर निदान विश्रांती होते.

जाग अजूनही येते, आठवड्यातून एखाद-दोन वेळा. रक्तदाबाची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी मात्रा निम्मी केली, पण बंद केली नाही आणि मीही बंद करायचा हट्ट धरला नाही. बोटांच्या मुंग्या गेल्या. मान थंडीत धरते. आईच्या मांडीचं हाड मोडलं तेव्हा तीन महिने वर्ग पूर्ण बुडाला. त्या दिवसांत दवाखान्याच्या बाकावर बसून मी दोन्ही तळवे जमिनीला सपाट टेकवायचे, तेवढाच माझा अभ्यास होता. ताई म्हणाल्या, तेवढा पुरतो. आई आता वॉकर घेऊन चालते. सकाळी खुर्चीत बसून ती माझ्याबरोबर हात वर करते आणि श्वास सोडताना खाली आणते. मला म्हणते, "तू घाई करतेस गं खाली आणताना." बरोबर असतं तिचं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एकदा पुन्हा दोन हजार कमी भरले. माझ्या हातापायातलं रक्त उतरलं, ते तसंच उतरलं जसं पहिल्यांदा उतरलं होतं. मला वाटलं होतं आता असं होणार नाही. मी टेबलावर दोन्ही तळहात ठेवले, टाचा टेकवल्या, चार-पाच श्वास सोडले, आणि मग मोजायला घेतलं. दोनदा मोजलं, तरी कमीच. भरले आणि घरी आले, जेवले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या मुलाला आपण एक व्हाउचर दोनदा घातल्याचं सापडलं. तो घाबरून माझ्याकडे आला तेव्हा त्याची छाती वर अडकलेली मला स्पष्ट दिसली. मी त्याला खुर्ची दिली आणि पाणी आणायला उठले.

मागच्या महिन्यात, पाच तारखेला, एक आजोबा ठेवीचं व्याज घ्यायला आले होते. पंधरा हजार, पाचशेच्या तीस नोटा. मी मशीनवर मोजून दिल्या, तरी त्यांनी काचेपलीकडे उभं राहूनच पुन्हा मोजायला घेतल्या. थरथरत्या बोटांनी, ओठ घट्ट मिटून. अकरावर अडखळले, पुन्हा पहिल्यापासून. मागे रांग होती, कुणीतरी घसा खाकरला. त्यांचे खांदे कानाजवळ गेलेले होते आणि श्वास थांबलेला होता.

मी पुढचं टोकन पुकारलं नाही. "सावकाश मोजा आजोबा," म्हटलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांनी तिसऱ्यांदा सुरुवात केली. तिसावी नोट सरकली, आणि काचेच्या त्या बाजूला वाफेचा एक छोटा गोल उमटला.